बोली किती ठेवायची? हॅरी लॉडरच्या सुरुवातीच्या वर्षांचं प्रकरण

मार्च १९०० मध्ये एक स्कॉटिश विनोदी गायक काम शोधायला लंडनला आला. वय एकोणतीस. गाठीशी कोळशाच्या खाणीतली सुमारे दहा वर्षं आणि स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या छोट्या म्युझिक हॉलमधली, म्हणजे तिकीट लावून गाणी, नकला नि विनोद सादर होणाऱ्या करमणुकीच्या थिएटरांतली, सहाएक वर्षं. ग्लासगोत ज्या बोलीवर हशा पिकायचा तीच बोली लंडनच्या प्रेक्षकाला नीट कळायची नाही, आणि ते त्याला ठाऊक होतं. पुढच्या बारा वर्षांत हा माणूस राजासमोर गायला आणि अमेरिकेत एका रात्रीचे हजार डॉलर घेऊ लागला. त्याचं नाव हॅरी लॉडर.

लॉडरची गोष्ट बहुतेक वेळा गरिबीतून वैभवाकडे गेलेल्या माणसाची म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेही. पण तशी सांगितली की जे घडलं ते घडणारच होतं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात वाटेत तीन-चार वळणं अशी आली की तिथे दुसरा निर्णयही तितकाच शहाणपणाचा ठरला असता. या प्रकरणात तीच वळणं पाहायची आहेत, आणि सर्वांत जास्त वेळ १९०० च्या लंडनमध्ये थांबायचं आहे. बोलीभाषेत गाणाऱ्या, बोलणाऱ्या कुठल्याही कलावंताला कधी ना कधी जो प्रश्न पडतो, तो लॉडरला तिथे अगदी रोखठोक पडला.

पार्श्वभूमी

लॉडरचा जन्म ४ ऑगस्ट १८७० चा, एडिनबरोजवळच्या पोर्टोबेलो या समुद्रकाठच्या वस्तीतला. वडील जॉन कुंभारकामातले कसबी कारागीर. सात भावंडांत हॅरी थोरला. १८८२ च्या सुरुवातीला वडिलांना इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात काम मिळालं, म्हणून कुटुंब तिकडे गेलं, आणि एप्रिलमध्ये न्यूमोनियानं वडील वारले. हॅरीला बारावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

आई इझाबेला मुलांना घेऊन स्कॉटलंडला परतली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावी राहिली. तिथे हॅरी जवसाच्या वाखापासून सूत काढणाऱ्या गिरणीत ‘अर्धवेळ्या’ म्हणून लागला. त्या काळच्या कायद्यानं मुलांना अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ गिरणी अशी मुभा होती, आणि हजारो मुलं तशीच वाढत होती. याच गावात तो दारूबंदीवाल्यांच्या ‘बँड ऑफ होप’ या मुलांच्या संघटनेत गाऊ लागला. तेराव्या वर्षी आर्ब्रोथच्या ऑडफेलोज हॉलमध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला आणि पहिलं बक्षीस म्हणून एक घड्याळ घेऊन घरी आला.

१८८४ मध्ये कुटुंब लॅनार्कशरमधल्या हॅमिल्टनला आलं. हा पट्टा म्हणजे स्कॉटलंडच्या कोळशाचं काळीज. मामाच्या ओळखीनं हॅरीला एडलवुडच्या खाणीत काम लागलं, आठवड्याला दहा शिलिंग. खाणीत पोरांची कामं ठरलेली असत: हवा खेळती ठेवणारी दारं कोळशाच्या गाड्या आल्या की उघडायची आणि लगेच लावायची, मग थोडं मोठं झाल्यावर तट्टू हाकायचे, आणि अंगात जोर आला की कोळसा फोडायला उतरायचं. हॅमिल्टनच्या शेजारीच ब्लँटायर. १८७७ मध्ये तिथल्या खाणीत झालेल्या स्फोटात २०७ माणसं गेली होती. लॉडर खाणीत उतरला त्याला सातच वर्षं उलटली होती, म्हणजे त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पुष्कळांच्या घरातून कोणी ना कोणी गेलेलं होतं.

खाणीत तो गायचा आणि बरोबरचे कामगार ऐकायचे. हाच त्याचा पहिला प्रेक्षक, आणि याच लोकांनी त्याला आजूबाजूच्या हॉलमध्ये जाऊन गा म्हणून मागे लागून पाठवलं. लार्कहॉल या शेजारच्या गावात गाण्याबद्दल त्याला पहिल्यांदा पैसे मिळाले, पाच शिलिंग. पोरवयात खाणीत अर्धा आठवडा राबून जेवढी मजुरी हाती यायची तेवढे एका संध्याकाळचे.

अडचण

१९ जून १८९१ रोजी लॉडरनं ॲनी व्हॅलन्सशी लग्न केलं. घरात तिला नॅन्स म्हणत. तिचे वडील हॅमिल्टनच्या कोळसा खाणीत व्यवस्थापक होते. त्याच वर्षी मुलगा जॉन झाला. एकविसाव्या वर्षी लॉडरच्या हातात एक पक्कं काम होतं, खाणीच्या व्यवहारात वजन असलेला सासरा होता, आणि शनिवारी रात्री गाण्याचे चार जादा पैसे येत होते.

वरवर पाहता यात अडचण कुठेच दिसत नाही. पण दिवसभर जमिनीखाली राबलेला माणूस रात्री कुठल्याशा गावी चालत जाऊन गाणार, मध्यरात्री परतणार आणि पहाटे पुन्हा खाणीत उतरणार, हे किती वर्षं चालणार? आणि हौशी गायक म्हणून मिळणारं कौतुक हे ओळखीच्या लोकांचं असतं. आपल्या गावाबाहेर, आपलं तोंड न पाहिलेल्या लोकांनी तिकीट काढून आपल्याला ऐकावं एवढा कस आपल्यात आहे का, हे खाणीत राहून कळणार नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता तो असं दुहेरी आयुष्य चालू ठेवण्याचा. स्कॉटलंडमध्ये तेव्हा असे शेकडो गायक होते. दिवसा गिरणी, गोदी किंवा खाण, आणि शनिवारी रात्री एखाद्या मंडळाच्या सभेत दोन गाणी. धोका नाही, आणि नाव गावापुरतं.

दुसरा पर्याय थेट ग्लासगोच्या म्युझिक हॉलमध्ये घुसण्याचा. पगार बरा, पण प्रेक्षक निर्दय. ग्लासगोचा प्रेक्षक न आवडलेल्या गायकाला गाणं पुरं करू देत नसे. तयारी नसताना तिथे एकदा पडलं की पुन्हा बोलावणं यायला फार वेळ लागायचा.

तिसरा पर्याय सर्वांत कमी झगमगाटाचा: ‘कॉन्सर्ट पार्टी’बरोबर दौऱ्यावर जाणं. चार-सहा कलावंतांचं पथक, त्यात गंभीर गाणारी एक बाई, एक पुरुष, एखादा वादक आणि एक विनोदी गायक. गावोगावच्या सभागृहांत कार्यक्रम. पैसे बेताचे, प्रवास भरपूर.

या निर्णयाचा काळही ध्यानात घ्यायला हवा. १८९४ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या खाण कामगारांनी मोठा संप केला. तो महिनोन्‌महिने चालला आणि शेवटी कामगारांना हात हलवत परत यावं लागलं. लॉडर पूर्णवेळ गायक झाला तो याच साली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही. पण खाण म्हणजे खात्रीची भाकरी आणि गाणं म्हणजे जुगार, हा हिशेब त्या वर्षी हॅमिल्टनमध्ये कुणालाच तितकासा पटला नसता.

बेलिसबाईंचा सल्ला

ग्लासगोच्या स्टॉकवेल स्ट्रीटवर १८६२ पासून स्कोशिया नावाचा म्युझिक हॉल होता. तो मिसेस ख्रिस्टिना बेलिस चालवत. आठवड्यातून एक रात्र त्या हौशी कलावंतांना मोकळी सोडत: ज्याला जे येतं ते त्यानं मंचावर येऊन करावं, लोक काय ते ठरवतील. लॉडर तिथे गायला. बाईंनी त्याच्यात काहीतरी पाहिलं, पण लगेच मोठा करार हातात दिला नाही. आधी कॉन्सर्ट पार्टीबरोबर गावोगाव फिर, अनुभव घे, असं त्यांनी सांगितलं.

या प्रकरणातला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा क्षण हाच. हॉलच्या मालकिणीला तरतरीत नवा गायक स्वस्तात मिळत असताना तिनं त्याला बाहेर पाठवलं. आणि गायकाचा मोठेपणा असा की त्यानं ते अपमान म्हणून घेतलं नाही. त्यानं तिसरा पर्याय निवडला आणि त्या दौऱ्याच्या जोरावर खाण सोडली.

कॉन्सर्ट पार्टीनं त्याला नेमकं काय दिलं? एक म्हणजे, रोज वेगळा प्रेक्षक. शेतकऱ्यांचं गाव, कोळ्यांचं गाव, गिरणीचं गाव; आज जिथे हसले तिथे उद्या हसतीलच असं नाही. दुसरं, आणि पुढे फार उपयोगी पडलेलं, म्हणजे स्वच्छ विनोद. कॉन्सर्ट पार्टीला येणारे लोक कुटुंबासकट येत. त्यात चर्चला जाणारे असत, दारूबंदीवाले असत. मोठ्या शहरातल्या म्युझिक हॉलमध्ये दारूच्या पेल्याबरोबर जे द्व्यर्थी चालून जायचं ते इथे चालत नसे. लॉडर आधीच बँड ऑफ होपमध्ये वाढलेला. त्याची विनोदाची जातच घरात बसून ऐकता येईल अशी घडली.

आणि हे घडत होतं नेमक्या त्या वेळी, जेव्हा ब्रिटनमधली मोठी थिएटरं बदलत होती. एडवर्ड मॉस हा एडिनबरोत सुरुवात केलेला चालक एकामागून एक आलिशान थिएटरं उभारत होता. १८९९ मध्ये त्याच्या कंपन्यांचं एकत्रीकरण होऊन मॉस एम्पायर्स ही बलाढ्य साखळी उभी राहिली. टेबलं आणि दारू बाजूला सारून, रांगेतल्या खुर्च्या मांडून, बायकामुलांना घेऊन यावं असा ‘व्हरायटी’चा कार्यक्रम त्यांना हवा होता. गावोगावच्या सभागृहांत घडलेला स्वच्छ विनोदी गायक हा त्यांच्या बरोब्बर कामाचा माणूस होता. बेलिसबाईंनी किंवा लॉडरनं हे आधी ओळखलं होतं असं मुळीच नाही. पण त्या सल्ल्याचं फळ दहा वर्षांनी कुठे लागलं, हे मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं.

पुढे त्यानं मॅकेन्झी मर्डॉक या व्हायोलिनवादकाबरोबर स्वतःची पार्टी काढली. पहिल्या दौऱ्यात पैसे बुडाले. दोघांनी हाय न खाता पुन्हा दौरा काढला आणि तो फायद्यात गेला. हॉलचं भाडं, जाहिरातीचे कागद, तिकिटांचा हिशेब हे सगळं त्याला या काळात अंगावर घेऊन शिकावं लागलं.

सीमेपलीकडे आयरिश

स्कॉटलंडची हद्द ओलांडून उत्तर इंग्लंडमध्ये गेल्यावर लॉडरपुढे बोलीचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला, आणि त्याचं त्यानं काढलेलं उत्तर मोठं चमत्कारिक आहे. तो आयरिश झाला.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड आहे. तिथल्या आर्गाइल थिएटरसारख्या ठिकाणी तो मुख्यतः आयरिश विनोदी गाणी गाऊन लोकप्रिय झाला. कारण समजण्यासारखं आहे. आयर्लंडच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक लिव्हरपूल, मँचेस्टरकडे आले होते. रंगमंचावरचा आयरिश माणूस तिथल्या प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा होता. स्कॉटिश माणूस ग्लासगोत घराघरातला, पण इंग्लंडच्या मंचावर त्याची ठळक ओळख नव्हती. तयार साचा होता, तो लॉडरनं उचलला.

तात्पुरता मार्ग म्हणून मी याला नावं ठेवणार नाही. अनोळखी गावात पाय टेकायला जागा लागते. पण यात दोन धोके होते. आयरिश गाणी गाणारे इंग्लंडमध्ये ढिगानं होते, त्यांत खरे आयरिशही होते. त्या रांगेत लॉडर कायम मागेच राहिला असता. आणि जे हसू मिळत होतं ते उसन्या माणसाला मिळत होतं. चांगला नकलाकार म्हणून तो पोट भरू शकला असता, पण लोकांनी फक्त त्याच्यासाठी यावं असं त्या गाण्यांत काही नव्हतं.

दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडमधल्या छोट्या हॉलमध्ये तो स्थानिक माणसांच्या नकला करायचा, लॅनार्कशरच्या गल्लीबोळातली पात्रं, अस्सल बोलीत. हा भाग त्यानं १९०० च्या आधीच बाजूला ठेवून दिला होता. या वळणाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

मार्च १९००: खरा निर्णय

लंडनला जावं की नाही, इथून सुरुवात होते. त्याच्या आधीच्या पिढीतला डब्ल्यू. एफ. फ्रेम हा स्कॉटिश विनोदवीर घरच्या मैदानात बेताज बादशहा होता. १८९८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिथल्या स्कॉटिश लोकांपुढे गाऊन आला होता. म्हणजे लंडनला वळसा घालूनही मोठं होता येत होतं: स्कॉटलंडभर हंगामी दौरे, ख्रिसमसला पँटोमाइम (ब्रिटनमध्ये हे मूकनाट्य नव्हे, तर परीकथेवरचं गाण्याविनोदाचं नाटक), आणि परदेशात गेलेले स्कॉटिश लोक तर जगभर पसरलेले. तो मार्ग सोपा होता आणि इज्जतीचा होता. लंडनचे एजंट तर उघड म्हणायचे की स्कॉटिश विनोद इथे चालत नाही.

तरी तो गेला. मग प्रश्न उरला, कोण म्हणून गायचं?

आयरिश म्हणून गायला असता तर दारं लवकर उघडली असती, पण तो शेकड्यातला एक झाला असता. ठेठ लॅनार्कशरच्या बोलीत गायला असता तर प्रामाणिकपणा शाबूत राहिला असता, आणि पहिल्या कडव्यानंतर शांतता पसरली असती. बोली पूर्ण टाकून शुद्ध इंग्रजीत गायला असता तर त्याच्याजवळ लंडनच्या गायकांपेक्षा वेगळं काही उरलंच नसतं. लंडनचे विनोदवीर झपाट्याचे, चावट, शहरी होते. त्यांच्या मैदानात त्यांच्याशी लढण्यात अर्थ नव्हता.

लॉडरनं चौथी वाट काढली. बोलीचा जाडपणा त्यानं कमी केला. म्युझिक हॉलचे अभ्यासक डेव्ह रसेल यांनी नोंदवलंय की जड बोली ही राजधानीत स्कॉटिश कलावंतांना नडणारी गोष्ट होती आणि लॉडरनं तीच हलकी केली. हे करताना त्यानं काय ठेवलं आणि काय सोडलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की ते कानाला कळतं. वाक्याची रचना बहुतांशी इंग्रजी. उच्चार ठसठशीत स्कॉटिश, ‘र’ घोळवून म्हटलेला. अस्सल स्कॉटिश शब्द मोजके आणि असे की चाल, हावभाव आणि आधीची ओळ यांच्यावरून अर्थ लागावा. ध्रुवपद सोपं, दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा प्रेक्षकांनी बरोबर गावं असं. आणि मधूनमधून त्याचं ते ओसंडून वाहणारं हसणं, ज्याला कुठलीच भाषा लागत नाही.

म्हणजे त्यानं अर्थ समजायला आड येणारं तेवढं काढलं आणि कानाला गोड वाटणारं ठेवलं. नुसतं ‘बोली सोपी केली’ असं म्हटलं की यातलं कसब हरवतं. सोपं करायला गेलं की बहुतेकांकडून आधी लय जाते, मग उच्चार जातो, आणि शेवटी कुठलंच गाव नसलेलं काहीतरी उरतं. लॉडरनं गाव ठेवलं.

संधी मिळाली ती त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. लंडनचे हॉल नव्या गायकाला ठरलेल्या कार्यक्रमात जादा म्हणून काही मिनिटं देत. जमलं तर पुढचं बोलणं. एजंटांच्या पायऱ्या झिजवून झाल्यावर गॅटी कुटुंबाच्या हॉलमध्ये त्याला अशी जागा मिळाली. चेरिंग क्रॉस म्युझिक हॉल आणि लंडन पॅव्हिलियन इथे त्यानं स्वतः रचलेली गाणी गायली आणि नाटकवाल्यांच्या ‘द इरा’ या साप्ताहिकानं प्रेक्षकांनी मोठा गजर केल्याची नोंद घेतली. सहा वर्षं छोट्या गावांतून फिरलेला माणूस लंडनमध्ये काही दिवसांत उभा राहिला. लवकरच तो रात्रीत तीन-चार हॉल करू लागला. एका ठिकाणचं गाणं संपलं की रंग न उतरवता घोडागाडीत बसायचं आणि पुढचा हॉल गाठायचा.

परिणाम

१९०२ मध्ये लॉडरनं ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी पहिली गाणी मुद्रित केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला, हे आपल्याकडच्या संगीतप्रेमींना ठाऊक असेलच. तेव्हा माइक नव्हता. गायकानं भोंग्यात तोंड घालून मोठ्यानं आणि स्पष्ट गायचं. हावभाव, काठी, वेश काही दिसणार नाही, नुसता आवाज. लंडनसाठी स्वच्छ केलेली शब्दफेक इथे दुसऱ्यांदा कामी आली. पुढे लाखभर नव्हे, दहा लाखांवर तबकड्या विकणारा तो पहिला ब्रिटिश कलावंत ठरला.

खरी कसोटी मात्र घरी व्हायची होती. लंडनच्या टाळ्या घेऊन परतलेल्या माणसाला ग्लासगो काय म्हणेल? १९०५ च्या ख्रिसमसला हॉवर्ड अँड विंडहॅम या संस्थेनं ग्लासगोच्या थिएटर रॉयलमध्ये ‘अलादीन’ हा पँटोमाइम काढला. लॉडरकडे प्रमुख विनोदी भूमिका होती. त्यासाठी त्यानं जेराल्ड ग्राफ्टनच्या साथीनं ‘आय लव्ह अ लॅसी’ हे गाणं रचलं. साधं, आपल्या प्रेयसीचं कौतुक सांगणाऱ्या प्रियकराचं गाणं. ते इतकं गाजलं की लॉडर देशभराचा झाला आणि मॉससारख्या बड्या चालकांचे करार दारात आले.

मला या घटनेत एक गोष्ट विशेष वाटते. लंडनसाठी घडवलेली ती सौम्य बोली ग्लासगोच्या माणसांनीही आपली म्हणून घेतली. त्यांच्या कानाला ती आपल्या रस्त्यावरची वाटली नसणार. पण इतर ब्रिटननं जिला टाळ्या दिल्या अशी आपली प्रतिमा पाहण्याचा आनंद वेगळा असतो. त्या आनंदातच पुढच्या वादाचं बीजही होतं.

त्यापुढचं सगळं झपाट्यानं झालं: १९०७ मध्ये अमेरिकेचा पहिला दौरा, १९०८ मध्ये सँड्रिंगहॅमला सातव्या एडवर्डपुढे खासगी कार्यक्रम, १९११ मध्ये अमेरिकेत रात्रीला हजार डॉलर, आणि १९१२ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात व्हरायटी कलावंतांच्या पहिल्या शाही कार्यक्रमात स्थान. नॅन्सचा भाऊ टॉम व्हॅलन्स त्याचा व्यवस्थापक झाला, म्हणजे हॅमिल्टनचं ते खाणीचं घर शेवटपर्यंत त्याच्या व्यवसायाच्या मध्यभागी राहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

लंडनला आणखी आधी जायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. १८९४-९५ मध्ये तो गेला असता तर त्याच्याजवळ स्वतःची गाणी थोडी आणि सावरण्याची ताकद कमी होती. बोलीतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला आधी ती शंभर वेगवेगळ्या प्रेक्षकांपुढे वापरून पाहावी लागते. आयरिश गाण्यांची वर्षंदेखील यात वाया गेली नाहीत. स्कॉटलंडबाहेरचा कान काय पकडतो हे त्याला तिथेच कळलं.

प्रतिमेच्या बाबतीत मात्र मी त्याला इतक्या सहज सोडणार नाही. किल्ट, कमरेचं पाकीट, गोंडेदार टोपी आणि वेडीवाकडी काठी हा त्याचा वेश जगभर गाजला. पण किल्ट हा डोंगराळ हायलँडचा पोशाख. पोर्टोबेलोत जन्मलेला, आर्ब्रोथच्या गिरणीत आणि हॅमिल्टनच्या खाणीत वाढलेला माणूस त्यात कुठून आला? चिक्कू, प्रेमळ, किंचित झिंगलेला, काठी फिरवत गाणारा स्कॉट जगानं पाहिला तो बऱ्याच अंशी लॉडरमुळे, आणि पुढच्या पिढीत ह्यू मॅकडायर्मिडसारख्या कवीनं त्याच्यावर सडकून टीका केली ती याच कारणासाठी. स्कॉटिश भाषेत गंभीर कविता लिहू पाहणाऱ्याला वाचकाच्या डोक्यात आधीच बसलेला हा विदूषक वाटेतून हटवावा लागत होता. तो राग मला रास्त वाटतो.

इथे ते १९०० आधी बाजूला ठेवलेले लॅनार्कशरचे नमुने आठवतात. दुसरा मार्ग उपलब्ध होता. बाहेरच्या प्रेक्षकासाठी सौम्य बोली आणि घरच्या पँटोमाइममध्ये, ग्लासगोच्या हंगामात, जुनी ठेठ पात्रं. पँटोमाइमचा प्रेक्षक स्थानिक होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. १९०५ नंतर लॉडरची किंमत एवढी वाढली होती की चालकांनी हे मान्यही केलं असतं. त्याऐवजी एकच लॉडर सगळीकडे फिरला, आणि जमिनीखाली दहा वर्षं काढलेल्या माणसाकडून खाणीतल्या माणसाचं जे चित्र रंगमंचाला मिळू शकलं असतं, त्याची जागा काठीवाल्या हायलँडरनं घेतली.

दुसरी चूक हिशेबाची. नवा गायक चालतोय असं दिसताच त्याला तेव्हाच्या दरात पुढच्या कित्येक वर्षांसाठी बांधून ठेवायचं, ही म्युझिक हॉलच्या चालकांची रीत होती. पहिल्या यशाच्या भरात, आणि पुन्हा खाणीत जावं लागू नये या भीतीपोटी, लॉडरनंही असे लांबलचक करार केले. गायकाचा भाव पाचपट-दहापट झाला तरी ठरलेल्या आठवड्यात ठरलेल्या हॉलला जुन्या पैशात जावंच लागे. शिवाय करारात अशी कलमं असत की आसपासच्या ठरावीक अंतरातल्या दुसऱ्या हॉलमध्ये ठरावीक काळ गायचं नाही. खाणीतून आलेल्या माणसाला पाच वर्षांची हमी सोन्यासारखी वाटली यात नवल नाही. तरी दोन हॉलचे लांब करार आणि बाकीचे हंगामापुरते, एवढी काळजी त्याला घेता आली असती. मर्डॉकबरोबर पार्टी चालवून झालेली होती, तिकिटांचा हिशेब त्याला नवा नव्हता.

हे दुखणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. १९०६ मध्ये व्हरायटी कलावंतांची संघटना उभी राहिली आणि जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या हॉलमध्ये संप झाला, त्यात जादा खेळांचा मोबदला आणि हीच जाचक कलमं हे वादाचे मुख्य मुद्दे होते. मारी लॉइडसारख्या मोठ्या ताऱ्यांनी स्वतःची अडचण नसताना छोट्या कलावंतांच्या बाजूनं फाटकाशी उभं राहून लोकांना परत पाठवलं. शेवटी सरकारच्या वतीनं जॉर्ज ॲस्क्विथ यांनी लवाद केला आणि कराराच्या अटींना काही शिस्त लागली. लॉडर अमेरिकेला पहिल्यांदा निघाला तो याच वर्षी.